विचारपुशीची तासिका

‘बी.ए. झालंय, पण बाहेरून.’

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार. लग्नाच्या बोलणीत, नोकरीच्या मुलाखतीत, कधी घरातल्याच एखाद्या मावशीच्या तोंडी. त्यातला ‘पण’ जरा नीट ऐका. फी भरलेली, परीक्षा दिलेली, रात्री भांडी आवरून झाल्यावर पुस्तकं वाचलेली, आणि सांगताना मात्र आवाज खाली येतो. जणू मागच्या दारानं आत शिरताना कुणीतरी पकडलं.

बाहेरून म्हणजे नक्की कशाच्या बाहेरून? कॉलेजच्या फाटकाच्या. एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्याबद्दल आपण हे बोलतो त्यातला एक अंबडच्या एखाद्या वर्कशॉपात दुसऱ्या पाळीला मशीनवर उभा असतो, दुसरी अंगणवाडीत पोषण आहाराच्या नोंदी मोबाइलमध्ये भरत असते, तिसरा पोलीस शिपाई असतो आणि मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेलेला असतो. जगाच्या इतकं आत असलेल्या माणसांना ‘बाहेरचे’ म्हणायला आपल्याला जराही संकोच वाटत नाही.

आणि हे आपण नाशिकमध्ये बोलतो. शहरातून गंगापूर रोडनं धरणाच्या दिशेनं निघालात की गोवर्धन गावाशी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं आवार लागतं. १ जुलै १९८९ ला ते स्थापन झालं. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ज्या नाशिकनं यशवंतरावांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं, त्याच नाशिकला त्यांच्या नावाचं विद्यापीठ आलं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. ज्यांची दहावी-बारावी राहिली, त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम. नोकरी करणाऱ्यांसाठी रविवारचे वर्ग. घरी बसून वाचता येतील अशी पुस्तकं. ज्याला कॉलेजपर्यंत येता येत नाही त्याच्यापर्यंत कॉलेजनं जायचं, ही कल्पना मला आजही मोठी वाटते. तिची थट्टा करणाऱ्यांतला मी नाही. उलट ती अर्ध्यावर सोडली गेली याचा मला राग आहे, आणि हा लेख त्या रागातून लिहिलेला आहे.

दरवर्षी निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत एक बातमी येते. आई आणि मुलगा एकाच वर्षी पास. पन्नाशीतल्या आजींनी काढली पदवी. रिक्षा चालवत केलं एम.ए. फोटोत पेढा, मथळ्यात ‘जिद्द’. आपणही ती बातमी फॉरवर्ड करतो, हात जोडल्याचा इमोजी टाकतो. माझं भांडण त्या आजींशी अजिबात नाही. भांडण त्या ‘जिद्द’ शब्दाशी आहे. कारण जिद्दीनं जे टिकले त्यांची बातमी होते, तेव्हाच जे टिकले नाहीत त्यांच्याबद्दल एक निकाल गुपचूप लागून जातो: त्यांच्यात जिद्द नव्हती. मग कुणालाच काही करावं लागत नाही. सरकारला, विद्यापीठाला, कॉलेजला, घरातल्यांना, कुणालाच नाही.

माझं म्हणणं असं: मोठ्या वयाचा, कामधंद्याचा विद्यार्थी गळतो तो बहुतेकदा पहिल्या सत्राच्या उत्तरार्धात, गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंतच्या काळात. तो गळतो कारण हे सत्र त्याच्यासाठी आखलेलंच नाही. आणि तो गळतोय हे ज्या एका माणसाच्या लक्षात येऊ शकतं, त्या शिक्षकाला लक्ष देण्याचे पैसे आपण देत नाही. या दोन तक्रारी वेगवेगळ्या खात्यांकडे पाठवल्या जातात. विद्यार्थ्याची गळती एका फायलीत, प्राध्यापकाचं मानधन दुसऱ्या. त्या दोन फायली एकाच टेबलावर आल्याशिवाय यातलं काहीही सुटणार नाही.

आधी सत्राचं बघू.

कॉलेजचं पहिलं सत्र पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतं आणि दिवाळीच्या आसपास संपतं. अठरा वर्षांच्या, आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या, दोन वेळचं जेवण आयतं मिळणाऱ्या मुलाला हे सत्र ठीक जातं. जून-जुलैत ओळख, ऑगस्टमध्ये अभ्यास, सप्टेंबरात चाचणी, मग परीक्षा. आता हेच वेळापत्रक नाशिक जिल्ह्यातल्या काम करणाऱ्या माणसावर ठेवून बघा.

द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या असतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, जिला आपण गोडी छाटणी म्हणतो. निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात सप्टेंबरच्या अखेरीपासून या दुसऱ्या छाटणीची धांदल उडते. छाटणी झाली की काडीला पेस्ट लावायची, फुटवे काढायचे, आणि त्याच दिवसांत परतीचा पाऊस आला की डावणीच्या भीतीनं फवारणीवर फवारणी. ज्याची बाग आहे तो शेतकरी विद्यार्थी या दिवसांत पुस्तक उघडत नाही. ज्यांची बाग नाही, जे पेठ-सुरगाण्याकडून या बागांवर मजुरीला येतात, त्यांच्यातल्या शिकणाऱ्या पोरापोरींचा तर मुक्कामच बदलतो. पिंपळगावला टोमॅटोची आवक जोरात असते. सोयाबीन काढायचं असतं, मका सोंगायचा असतो, उन्हाळ कांद्याची रोपं टाकायची असतात. सगळं याच सहा-आठ आठवड्यांत.

शहरातही तेच, फक्त पीक वेगळं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवाळीआधीच्या ऑर्डरी, ओव्हरटाइम, बोनसची बोलणी. ओव्हरटाइमला नाही म्हणणारा कंत्राटी कामगार पुढच्या महिन्यात कामावर असेलच असं नाही. मेन रोड, शालिमार, रविवार कारंजाच्या दुकानांत कपडे दाखवणाऱ्या मुली रात्री दहाशिवाय सुटत नाहीत. नवरात्रात वणीच्या गडाची गर्दी, तिच्यासाठी जादा बसगाड्या आणि बंदोबस्त. म्हणजे एसटीचे वाहक-चालक आणि पोलीस यांच्या रजा बंद. आणि घराघरांत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. घटस्थापनेआधी घर धुऊन काढणं, नऊ दिवसांचे उपास, मग दिवाळीचा फराळ. शिकणारी बाई असेल तर तिनं हे सगळं करून वर अभ्यास करायचा असतो, आणि करताना ‘या वयात काय गरज’ हेही ऐकायचं असतं.

बरोबर याच दिवसांत परीक्षेचा अर्ज भरायचा असतो. गृहपाठ जमा करायचे असतात. प्रात्यक्षिकांना हजर राहायचं असतं. ऑफिसची खिडकी मात्र कचेरीच्या वेळेत उघडते आणि जेवणाच्या सुट्टीत बंद होते. अर्जात काही चूक निघाली, जातीच्या दाखल्याचा नंबर जुळला नाही, आधारवर लग्नाआधीचं नाव आणि गुणपत्रिकेवर लग्नानंतरचं असं निघालं, की कामाचा एक दिवस बुडवून यावं लागतं. रोजंदारीवरच्या माणसाला एका सहीची किंमत एका दिवसाची मजुरी पडते. त्या दिवशी संबंधित क्लार्क रजेवर असेल तर दोन दिवसांची.

गंमत बघा. गोवर्धनच्या त्याच आवारात मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्रही आहे. द्राक्षबागेला कोणत्या आठवड्यात काय लागतं हे सांगणारी माणसं तिथेच बसतात. बागेचं वेळापत्रक त्या आवाराला तोंडपाठ आहे. बागेत राबणाऱ्या विद्यार्थ्याचं वेळापत्रक त्यावरून काढायला फार मोठं संशोधन लागू नये.

इथे तुमच्यापैकी काहींना वाटेल की हा मुक्त विद्यापीठाचा प्रश्न आहे, आपण तर रेग्युलर. थांबा. गंगापूर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये दुपारी एकनंतर उभे राहा आणि पाठीवर डिलिव्हरीच्या पिशव्या लावून बाहेर पडणाऱ्या गाड्या मोजा. सकाळी लेक्चर, दुपारी मेडिकल स्टोअर, रात्री बिर्याणी पोचवणं. यातले कितीजण घरी पैसे पाठवतात ते त्यांच्या शेजारच्या बाकावरच्यालाही ठाऊक नसतं. कागदावर ते ‘नियमित विद्यार्थी’ असतात. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, ती भरली नाही की यादी लागते, यादीत नाव आलं की पालकांना बोलावतात. तो स्वतःच घराचा पालक आहे हे विचारायला त्या यादीत रकाना नसतो. प्रौढ विद्यार्थी म्हणजे पांढऱ्या केसांचा विद्यार्थी नव्हे. ज्याच्या कमाईवर किंवा कष्टावर दुसरं कुणी अवलंबून आहे तो प्रौढ. या व्याख्येत तुम्ही स्वतः बसता का ते एकदा तपासून बघा.

आता शिक्षकाकडे येतो, कारण खरा वाद इथे आहे.

‘प्राध्यापकांना कसली मदत हवी? लाखभर पगार घेतात.’ हे वाक्य मी रिक्षात, लग्नात आणि कमेंटमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते म्हणीसारखं वाटतं. त्यात थोडं तथ्य आहेच. सातव्या वेतन आयोगात कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पण स्टाफरूममध्ये त्याच टेबलावर, तोच विषय शिकवणारी, तेवढीच शिकलेली दुसरी व्यक्ती बसलेली असते. सेट-नेट झालेली, बहुधा पीएच.डी.सुद्धा. तिला म्हणतात ‘सीएचबी’. घड्याळी तासावरचे शिक्षक. दरवर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, नवी नेमणूक. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणून दिवाळीत पैसे नाहीत. मे महिन्यात तर नाहीतच. जे मिळायचे असतात तेही महिनोन्‌महिने रखडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली अतिथी शिक्षकाला एका व्याख्यानाचे १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर ठरवून दिला. महाराष्ट्रातला घड्याळी तासाचा दर तेव्हाही त्याच्या खाली होता आणि २०२२ मध्ये वाढ झाल्यावरही खालीच राहिला. कायम जागा भरायच्या म्हणाल तर २०२१ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता दिली. अख्ख्या महाराष्ट्रासाठी.

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवणारे संमंत्रक तरी वेगळे कोण असतात? बहुतेक याच आसपासच्या कॉलेजांतले शिक्षक. तिथेही हिशोब सत्रावर.

प्रश्न फक्त रक्कम कमी असण्याचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. त्यासाठी संघटना आहेत, मोर्चे आहेत. मला खुपतं ते मोजमाप. तासिका मोजते काय? वर्गात उभं राहून बोलणं. ती मोजत नाही काय? बाकी सगळं. आणि काम करणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकं ते बाकीचं सगळं लागतं. त्याला भारतीय अर्थव्यवस्थेवरचं तुमचं व्याख्यान यूट्यूबवर मिळतं, कदाचित तुमच्यापेक्षा बरं मिळतं. यूट्यूबवर जे मिळत नाही ते असं: तीन रविवार तो आला नाही हे कुणाच्या तरी लक्षात येणं, आणि त्या कुणीतरी फोन करून ‘काय रे, बरा आहेस ना?’ म्हणणं.

माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत. नाव सांगत नाही, कारण येत्या जूनला त्यांची पुन्हा मुलाखत आहे. वर्ग सुरू झाला की पहिल्या आठवड्यात त्या एका दोनशे पानी वहीत प्रत्येकाचं नाव लिहितात आणि पुढे एक रकाना आखतात: ‘कामाची वेळ’. सकाळ पाळी. रात्र पाळी. शनिवारी आठवडे बाजार. सासूला डायलिसिस, मंगळवार-शुक्रवार. सप्टेंबर संपला की ही वही घेऊन रात्री जेवणानंतर फोन करायला बसतात. अभ्यासक्रमाबद्दल फारसं बोलणं होतच नाही. अर्जाची शेवटची तारीख, फीचा दुसरा हप्ता, नवऱ्यानं पुस्तकं माळ्यावर टाकली, कंपनीनं परीक्षेची रजा नाकारली, परीक्षा केंद्र लांबचं आलं आणि परत यायला बस नाही. कधीकधी समोरची बाई फक्त रडते. मॅडम ऐकतात. मग सांगतात, ‘या विषयाची परीक्षा पुढच्या वेळी दे, पण अर्ज भर, नाव सोडू नकोस.’ त्या फोनमुळे किती जण थांबले याचा तक्ता कुणाकडे नाही, कारण तो कुणी मागितलेला नाही. नॅकच्या फायलीत लावायला सेमिनारचे फोटो लागतात, फीत कापतानाचे. वहीचं पान लावत नाहीत.

या कामाला मराठीत विचारपूस म्हणतात. तिची तासिका नसते. मॅडम हे काम चांगुलपणावर करतात, आणि आपण जसं आजींच्या जिद्दीचं कौतुक करतो तसं मॅडमच्या चांगुलपणाचं करतो. शिक्षक दिनाला गुलाबाचं फूल देतो. एका बाजूला विद्यार्थ्याची जिद्द फुकट वापरायची, दुसऱ्या बाजूला शिक्षकाचा चांगुलपणा, आणि मध्ये संस्थेनं अलगद बसून राहायचं, असा हा व्यवहार आहे. मला तो लबाडीचा वाटतो.

‘आता सगळं ऑनलाइन झालंय की!’ हो, झालंय. पीडीएफ आहे, अॅप आहे, रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आहेत, आणि दीडशे-दोनशे जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, ज्यात फक्त अॅडमिन बोलू शकतो. या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबा. ज्या माणसाला प्रश्न आहे त्याला गप्प ठेवून सूचना पाठवत राहणं, याला आपण संपर्क म्हणायला लागलोय. ग्रुप सोडला तर ‘लेफ्ट’ एवढंच दिसतं, आणि तेही नोटिसांच्या ढिगात बुडून जातं. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. हा लेख तुम्ही फोनवरच वाचताय. पण अॅप हे शिक्षकाच्या हातातलं साधन म्हणून येतं की शिक्षकाच्या जागी येतं, हे आधी विचारायला हवं. आतापर्यंत बहुतेक वेळा ते जागी येताना दिसलंय, कारण अॅपला दिवाळीत मानधन द्यावं लागत नाही.

काम करणाऱ्या माणसाच्या वेळेला शाळा न्यायची, हे महाराष्ट्राला कुणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी रात्रीची शाळा काढली, दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी. दिवसा या, नाहीतर तुमच्यात जिद्द नाही, असं ते म्हणाले नाहीत. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं तेव्हा बाबासाहेबांनी वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे मुलांना नंतर नोकरीवर जाता येईल. त्या माणसांच्या हातात अॅप नव्हतं. वेळापत्रक मात्र त्यांनी विद्यार्थ्याच्या अंगावर बेतून शिवलं. आपण दोघांच्याही जयंत्या करतो, बॅनर लावतो, आणि ग्रंथालय संध्याकाळीच बंद करतो.

शिक्षकाच्या बाबतीत मात्र परदेशाकडे बघावं लागतं. आपल्या मुक्त विद्यापीठांनी ज्या ब्रिटिश ओपन युनिव्हर्सिटीकडून पुष्कळ काही घेतलं, ती १९६९ साली स्थापन झाली आणि १९७१ पासून शिकवू लागली. तिचा सगळा डोलारा दूर दूर राहणाऱ्या अर्धवेळ शिक्षकांवर उभा होता. विद्यार्थ्याशी बोलायचं, त्याचा गृहपाठ तपासून त्यावर सविस्तर लिहायचं, अडला तर हात द्यायचा, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं त्यांनाही एकेका अभ्यासक्रमापुरतीच नेमणूक मिळे. बराच काळ झगडा आणि वाटाघाटी झाल्या, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये अशा चार हजारांहून अधिक शिक्षकांना कायम करार मिळाले. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मुक्त विद्यापीठाला हे पटायला अर्धशतक लागलं. आपण पुस्तकांचा नमुना घेतला, क्रेडिटचा घेतला, मूल्यमापनाचा घेतला. हा भाग घ्यायचा राहिला.

नवीन शिक्षण धोरणाबद्दल एक शब्द, कारण उत्तर म्हणून ते लगेच पुढे केलं जातं. २०२० च्या धोरणात कधीही बाहेर पडा, कधीही परत या अशी सोय आहे. अटी पूर्ण केल्या तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. क्रेडिट बँकेत जमा. कल्पना म्हणून चांगली आहे, काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्याशी जुळणारीही आहे. पण कागदावर दार दोन्ही बाजूंनी उघडत असलं तरी बाहेर पडलेल्याला परत हाक मारणारा माणूस त्या दाराशी नेमलेला नाही. मग ज्याला आपण काल गळती म्हणत होतो त्याला उद्या ‘एक्झिट’ म्हणू, आणि २०३५ पर्यंत पन्नास टक्के तरुणांना उच्च शिक्षणात आणण्याचं जे उद्दिष्ट त्याच धोरणात आहे, त्याच्या वाटेवर आकडे छान दिसतील. छाटणीला बागेत गेलेली सुरगाण्याची मुलगी धोरणानुसार यशस्वीपणे बाहेर पडलेली असेल.

दर्जा घसरेल, हा आणखी एक आक्षेप. परीक्षा सोपी करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. प्रश्नपत्रिका तीच ठेवा, उलट कठीण काढा. अर्ज भरायची तारीख पंधरा दिवसांनी पुढे गेल्यानं, खिडकी आठवड्यातून दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडी ठेवल्यानं, रविवारी आईबरोबर आलेल्या चार वर्षांच्या पोरासाठी एका खोलीत सतरंजी आणि एक मावशी ठेवल्यानं अर्थशास्त्राचा दर्जा कसा घसरतो ते मला कुणीतरी समजावून सांगावं. आणि सरकार स्वतःच जेव्हा अंगणवाडी सेविका व्हायला बारावी हवी असा नियम करतं, बढतीला पदवी मागतं, तेव्हा त्या परीक्षेसाठी पगारी रजा देणं ही मेहेरबानी कशी होते? पात्रता तुम्ही मागितलीत.

पैसे कुठून आणायचे, हेही विचारलं जाईल. नाशिकमध्ये हा प्रश्न सध्या जरा हळू आवाजात विचारावा. सिंहस्थ तोंडावर आहे, आणि रस्ते, घाट, पूल, मलनिस्सारण यांचे आकडे रोज वाचायला मिळतात.

सिंहस्थाचा विषय निघालाच आहे तर तोच धरून पुढे जातो, कारण त्यात एक तारीख आहे आणि तारखेपासून पळता येत नाही. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरं ३१ ऑगस्ट, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर. म्हणजे २०२७ चं अख्खं पहिलं सत्र या शहरात कुंभमेळा असेल. त्या दिवसांत रस्त्यावर कोण असेल? पोलीस, होमगार्ड, महापालिकेचे सफाई कामगार, बसचे चालक-वाहक, परिचारिका, आशा, हॉटेलातली पोरं, फुलं विकणाऱ्या बायका, रिक्षावाले. नाशिकच्या अभ्यासकेंद्रांच्या हजेरीपटावर जी नावं असतात ती याच कामांतल्या लोकांची असतात. आणि अनेक शाळा-कॉलेजांच्या इमारती व शिक्षक बंदोबस्ताच्या आणि निवासाच्या कामाला मागितले जातील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

साधुग्रामच्या जागेचं नियोजन दोन वर्षं आधी होतं, पार्किंगचं होतं, तात्पुरत्या शौचालयांचं होतं. मग या विद्यार्थ्यांच्या सत्राचंही आत्ताच व्हावं. जिल्हाधिकारी, महापालिका, दोन्ही विद्यापीठं यांनी एकदा बसून २०२७ च्या पहिल्या सत्राचं नाशिकपुरतं वेगळं वेळापत्रक काढावं. अर्ज, गृहपाठ, प्रात्यक्षिकं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ठेवूच नयेत. ती त्यानंतर घ्यावीत, आणि तेव्हा छाटणी असेल म्हणून दिवाळीनंतर आणखी एक संधी द्यावी. मेळ्याच्या कामावर असलेल्या विद्यार्थ्याला हजेरीची सूट लेखी मिळावी, तोंडी नको. तोंडी सूट परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

आणि तीस-चाळीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक नेमावा, ज्याला बारा महिने, दिवाळी आणि मे धरून, ठरावीक मानधन मिळेल, आणि ज्याच्या कामाच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहिलेलं असेल की आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी बोलायचं. नेमणूक जुलैत व्हावी, ऑक्टोबरात नको. फोनचा खर्च संस्थेचा. वही हवी तर त्या मॅडमकडे नमुना आहे. रकानेसुद्धा आखलेले आहेत.